आत्याबाईंचा शेंगेन व्हिसा

आमच्या घरात दोन तऱ्हेचे पासपोर्ट आहेत. नवऱ्याचा आणि मुलीचा अमेरिकन, गडद निळा. माझा भारतीय, तोही निळाच. लांबून बघितलं तर तिन्ही एकाच दुकानातून घेतल्यासारखे दिसतात. फरक कळतो तो परदेशी जायचं ठरलं की. तेव्हा ते दोघं बॅग भरायला घेतात आणि मी फाइल भरायला घेते.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही इतकी वर्षं राहतोय, तरी मी अजून इथली नागरिक का झाले नाही, असं लोक विचारतात. मी कधी मातृभूमी वगैरे सांगते, कधी डोळे ओले करून दाखवते, समोर कोण आहे त्यावर अवलंबून. खरं उत्तर असं की दर दिवाळीला मी ठरवते, या वर्षी अर्ज करायचा, आणि फराळ संपेपर्यंत तो विचारही संपतो. नवऱ्याने मात्र शपथविधीच्या दिवशी मिळालेला छोटा झेंडा अजून गाडीत लावून ठेवलाय. परदेशप्रवासाचा विषय निघाला की तो त्या झेंड्याकडे प्रेमाने बघतो आणि म्हणतो, "मला काय, मी असाच चालत जातो."

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाला बाळ झालं. बऱ्याच उशिरा, सगळ्यांनी विचारणं सोडून दिल्यावर. भाऊ जर्मनीत असतो, ऱ्हाईन नदीकाठच्या एका लहान गावात. नदीवर पूल आहे, आणि पुलाच्या पलीकडे फ्रान्स. त्याने दवाखान्यातूनच फोन केला.

"ताई, बारसं तू आल्याशिवाय नाही. नाव आत्यानेच सांगायचं."

मी रडले. खरंखुरं, समोर कोणी नसताना. मग नाक पुसून विचारलं, "काय ठेवायचं ठरवलंय?"

"ते नाही सांगणार."

"म्हणजे?"

"पाळण्यापाशी आलीस की तुझ्या कानात सांगेन. तू लगेच बाळाच्या कानात सांग. तोवर कोणालाच कळता कामा नये."

"अरे शहाण्या, आपल्याकडे आत्याला आधी विचारतात."

"विचारलं असतं तर तू रोज एक नाव पाठवलं असतंस, आणि ते ठेवलं नाही म्हणून बाळ कॉलेजला जाईपर्यंत ऐकवलं असतंस."

भाऊ मला लहानपणापासून ओळखतो, हा त्याचा मोठा दोष आहे.

बारशाचा रविवार ठरला. तो पुढे ढकलता येण्यासारखा नव्हता, कारण वहिनीचे आईवडील नागपूरहून आलेले होते आणि त्यांचं परतीचं विमान लगेच नंतर होतं. "तोवर तुझा व्हिसा आला तर उत्तमच," भाऊ म्हणाला, "आणि नाही आला तर..." आणि त्याने विषय बदलून बाळाच्या जावळाबद्दल सांगायला सुरुवात केली.

ते 'तर' म्हणजे माझी चुलत बहीण. ती जर्मनीतच राहते, गाडी काढली की दुपारच्या आत भावाकडे. तिचा फोन संध्याकाळी आला. "अगं, तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस. व्हिसाचं काय, होतो, नाही होत. मी आहेच ना. पैठणी काढून ठेवलीय मी."

कोणीही विचारलं नसताना पैठणी काढून ठेवली होती. त्या क्षणी मी ठरवलं, जगातल्या कुठल्याही देशाने मला अडवलं तरी बेहत्तर, त्या पैठणीची घडी त्या रविवारी मोडू द्यायची नाही.

आता युरोपचं असं आहे की तिथे बरेचसे शेजारी देश मिळून एकच व्हिसा देतात, त्यालाच शेंगेन व्हिसा म्हणतात. एकदा आत शिरलात की या देशातून त्या देशात फिरा, कोणी विचारत नाही. पण अर्ज मात्र एकाच देशाकडे करायचा: जिथे तुमचं मुख्य काम आहे किंवा जिथे तुमचा मुक्काम जास्त आहे. साध्या माणसाला यात काही अडचण येऊ नये. माझ्या नवऱ्याला येते. तो इंजिनियर आहे.

भावाचा फ्लॅट लहान, त्यात वहिनीचे आईवडील, बाळ, आणि बाळापेक्षा मोठी बाळाची गाडी. म्हणून आम्ही बाहेर उतरायचं ठरवलं. नवऱ्याने सगळं इंटरनेट पालथं घातलं आणि विजयी मुद्रेने खाली आला. "नदीच्या पलीकडे घर मिळालंय. जर्मनीपेक्षा स्वस्त आणि किचन केवढं मोठं आहे बघ. तुला घुगऱ्या करता येतील."

"पलीकडे म्हणजे फ्रान्समध्ये?"

"ट्रॅमने दोन स्टॉप गं. कॅन्सल होत नाही, म्हणून तर डिस्काउंट मिळाला."

म्हणजे बाळ जर्मनीत, पाळणा जर्मनीत, आणि माझी प्रत्येक रात्र फ्रान्समध्ये. हे मी आमच्या मराठी मंडळातल्या एका काकांना सांगितलं. युरोपची कोच टूर दोनदा केल्यामुळे मंडळात त्यांचा शब्द अखेरचा मानला जातो. ते म्हणाले, "हे अवघड केलंत तुम्ही. मी तर फक्त खिडकीतून बघितलं होतं."

शेवटी अर्ज जर्मनीकडे केला. काही दिवसांनी कळलं की मला शिकागोच्या वकिलातीत प्रत्यक्ष बोलावलंय. घरात एकदम परीक्षेचं वातावरण आलं. नवऱ्याने घरातल्या टीशर्टवर टाय लावला, डायनिंग टेबलच्या त्या बाजूला बसला आणि माझी तालीम घ्यायला लागला. मुलगी फ्रिजला टेकून बघत होती.

"मॅडम, युरोपला का जायचंय?"

"भाच्याचं... किंवा भाचीचं बारसं आहे."

"किंवा? आई, यू डोन्ट इव्हन नो दॅट?" मुलगी म्हणाली.

"ते माहितेय. पण ऑफिसरला सांगायचं का हे ठरवतेय. मामाने सांगितलंय ना, कोणाला काही कळता कामा नये."

"नाव कळता कामा नये म्हणाला तो," नवरा टाय सैल करत म्हणाला. "मुलगा की मुलगी हे सगळ्या नागपूरला माहितेय. पुढचा प्रश्न. तुम्ही अमेरिकेला परत येणार याची खात्री काय?"

"गराजमध्ये लोणचं मुरायला ठेवलंय."

"असं नाही म्हणायचं. नोकरी आहे, घर आहे, घराचं कर्ज आहे, मुलगी शिकतेय, असं म्हणायचं."

"डॅड, द पिकल इज मोअर कन्विन्सिंग," मुलगी म्हणाली आणि फ्रिज उघडून बघायला लागली.

इंडियानाच्या मक्यातून गाडी चालवत आम्ही शिकागोला गेलो. नवऱ्याला आत सोडत नव्हते, कारण त्याला व्हिसा लागत नव्हता. तो बाहेर उभा राहिला आणि काचेतून मला अंगठा दाखवत राहिला, मी दिसेनाशी होईपर्यंत आणि बहुधा त्यानंतरही.

खिडकीपलीकडे एक साहेब होते. माझ्याच वयाचे, टक्कल, चेहऱ्यावर रेषसुद्धा हलत नव्हती. माझ्या बोटांचे ठसे घेतले, कागद चाळले आणि शांतपणे सुरुवात केली. बोलणं इंग्रजीत झालं, पण मला ते आता मराठीतच आठवतं, इतक्यांदा मी ते सांगितलंय.

"तुम्ही जर्मनीला चालला आहात."

"हो."

"पण झोपणार फ्रान्समध्ये."

"हो. म्हणजे रात्रीच."

"रोज सकाळी जर्मनीत येणार आणि रोज रात्री जर्मनी सोडून जाणार."

"जर्मनीविषयी काही तक्रार नाही," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याला डिस्काउंट मिळाला."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. "आणि जर्मनीत तुमचं काम काय?"

"भावाच्या बाळाचं नाव ठेवायचंय."

"म्हणजे तुम्ही नाव निवडणार."

"नाही. नाव भावाने निवडलंय. मी फक्त बाळाच्या कानात सांगणार."

"काय नाव आहे बाळाचं?"

"माहीत नाही."

लेखणी थांबली. साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मला जाणवलं की तालमीत आम्ही लोणच्यापर्यंत पोहोचलो होतो, पण या प्रश्नावर आमची संहिता कोरी होती.

"तुम्ही सख्ख्या आत्या आहात?"

"सख्खी. एकुलती एक."

"आणि तुम्हाला बाळाचं नाव माहीत नाही."

"माहीत असतं तर एवढ्या लांब कशाला गेले असते?"

त्यांनी भावाचं निमंत्रणाचं पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "आमच्या देशात मूल जन्मलं की त्याचं नाव लवकरच सरकारदरबारी नोंदवावं लागतं. तुमच्या भावाने ते नोंदवलेलं असणार."

"नोंदवलंय. पण सांगितलेलं नाही."

"म्हणजे सरकारला माहीत आहे, आणि आत्याला माहीत नाही."

हे ऐकून मात्र मला भावाचा असा राग आला की बोलून सोय नाही. गावच्या कचेरीतल्या कारकुनाला माहीत, बाळाच्या डॉक्टरला माहीत, बहुधा पोस्टमनलाही माहीत, आणि मी इकडे शिकागोत उभी राहून संशयास्पद ठरतेय.

"आता फोन करून विचारलं तर भाऊ तुम्हाला सांगणार नाही?" साहेबांनी विचारलं.

"सांगेल," मी म्हटलं. "तुम्ही व्हिसा अडवताय म्हटलं तर लगेच सांगेल. पण मी ऐकणार नाही. मला ते इथे या खिडकीपाशी ऐकायचं नाहीये. पाळण्यापाशी ऐकायचंय."

"व्हिडिओ कॉलवर करता येत नाही का हे?"

"आधी त्याचा माइक बंद असतो, मग माझा. बाळाला वाटायचं, आपलं नाव 'ऐकू येतंय का' असंच आहे."

त्यांच्या ओठांच्या एका कोपऱ्यात किंचित काहीतरी हललं, पण मी शपथेवर सांगू शकणार नाही. "दुसरं कोणी सांगू शकतं का नाव?"

आता इथे खोटं बोलता आलं असतं. पण बोटांचे ठसे दिल्यावर माणूस खरं बोलतो. "चुलत बहीण आहे," मी म्हटलं. "तुमच्याच देशात राहते. तिने रेशमी साडी काढून ठेवलीय."

"अच्छा," साहेब म्हणाले, आणि मला वाटतं त्या 'अच्छा'मध्ये त्यांना सगळं कळलं. जर्मनीतही चुलत बहिणी असतात.

त्यांनी मला बसायला सांगितलं, निमंत्रणाच्या पत्रावरचा भावाचा फोन नंबर बघितला आणि आत गेले. बराच वेळ आत होते. मी लोणच्यावर झाकण घट्ट लावलंय की नाही, हे आठवत बसले. बाहेर आले तेव्हा चेहरा तसाच, इस्त्री केलेला.

"तुमच्या भावाशी बोललो. काम जर्मनीत आहे, म्हणून अर्ज आमच्याकडेच बरोबर आहे. झोपा तुम्ही कुठेही. निर्णय पोस्टाने कळेल."

"आणि नाव?"

"नाव मला सांगितलं त्यांनी," साहेब म्हणाले. "छान आहे." आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

मी बाहेर आले तर नवरा गाडीपाशी अस्वस्थ फेऱ्या घालत होता. सगळं ऐकल्यावर त्याला व्हिसाचं काही पडलं नाही. "म्हणजे त्याला नाव माहितेय? त्या टकल्याला? आणि आपल्याला नाही? थांब, मी जाऊन विचारतो."

"तुला आत सोडत नाहीत. तुला व्हिसा लागत नाही ना."

घरी जाईपर्यंत तो नुसतं "बघ ना यार" एवढंच म्हणत होता. भावाला फोन लावला तर तो खुशीत. "ताई, किती चांगला माणूस आहे. स्पेलिंग नीट विचारून घेतलं आणि दोनदा म्हणून बघितलं, उच्चार बरोबर आहे ना म्हणून."

"अरे, मला सोडून सगळ्यांनी म्हणून बघा."

पोस्टमनची वाट बघण्यात आमच्या गल्लीतली माझी प्रतिष्ठा गेली. तो कोपऱ्यावर दिसला की मी झाडांना पाणी घालायला बाहेर. झाडंसुद्धा कंटाळली. चुलत बहीण रोज विचारायची, "आला का गं?" आणि त्या 'गं'मध्ये साडीला मॅचिंग ब्लाउज शिवून झाल्याची चाहूल असायची. शेवटी पाकीट आलं, विमानाच्या जेमतेम आधी. उघडलं तर पासपोर्टात व्हिसा चिकटवलेला. मी त्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला. तिने हात जोडल्याची चित्रं पाठवली. बरीच पाठवली.

मुलगी परीक्षेमुळे घरीच राहिली, आम्ही दोघंच निघालो. तिकडच्या विमानतळावर एक गंमत झाली. आता तिकडे नवीन पद्धत आहे. बाहेरच्या देशाचा माणूस, अगदी अमेरिकन असला तरी, पहिल्यांदा आत शिरताना त्याचे ठसे घेतात. माझे शिकागोतच घेतलेले होते, त्यामुळे मी पडताळणी होऊन पलीकडे. असाच चालत जाणारा माझा नवरा यंत्रासमोर अडकला. त्याच्या बोटांना ठसेच उमटेनात. पुसून बघितली, फुंकर मारून बघितली, तिथल्या बाईंनी ओला रुमाल दिला. मी पलीकडे ट्रॉलीवर हात ठेवून, काचेतून त्याला अंगठा दाखवत उभी होते.

रविवारी सकाळी फ्रान्समधल्या त्या विशाल किचनमध्ये मी घुगऱ्या केल्या, खोबरं घातलं, पातेलं फडक्यात बांधलं. साडी नेसून निघताना मी सवयीने पासपोर्ट पर्समध्ये टाकला. नवरा हसला. "अगं, युरोपात सीमा नसतात. पुण्याहून पिंपरीला जाताना नेतेस का पासपोर्ट? मी नाही घेत."

माझ्यासारख्या बाईचा पासपोर्ट हा पर्समधल्या रुमालासारखा असतो, लागो न लागो, असतोच.

ट्रॅम पूल ओलांडून जर्मनीच्या पहिल्या स्टॉपवर थांबली आणि दोन पोलीस चढले. हल्ली मधूनमधून तपासतात म्हणे. त्यातल्या तरुण बाईंनी माझा पासपोर्ट घेतला, व्हिसा बघितला, हसून परत केला आणि नवऱ्याकडे वळल्या. नवऱ्याने दोन्ही हातांनी पातेलं धरलेलं होतं. त्याने आधी ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं, ओहायोचं. मग फोनमधला मुलीच्या ग्रॅज्युएशनचा फोटो दाखवला, का ते देवाला माहीत.

"पासपोर्ट पुलापलीकडे आहे," तो म्हणाला.

"मग घेऊन या," बाई म्हणाल्या, अगदी गोड आवाजात. "आणि हे पातेलं कशासाठी?"

"बारसं आहे. बाळाचं नाव ठेवायचंय."

"काय नाव आहे?"

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. शिकागोपासून आपण ज्या प्रश्नावर हसत आलो, तो प्रश्न जर्मनीत ट्रॅममध्ये, हातात पातेलं असताना यावा. "माहीत नाही," तो म्हणाला. त्या बाईंची भुवई तशीच वर गेली, जशी साहेबांची लेखणी थांबली होती.

दार बंद व्हायची घंटी वाजली. तो उतरला. मी आत.

"अगं, मला सोडून चाललीस?"

"मुहूर्त थांबत नाही," मी म्हटलं. "आणि पैठणीही थांबत नाही."

भावाच्या घरी पोहोचले तर दारातच चुलत बहीण. पैठणी खरोखरच सुंदर होती, हे मान्य करायला हवं. ती पाळण्याच्या उशाशी जागा धरून उभी होती. मला बघून बाजूला झाली, आणि तिने माझा पदर नीट केला. मी तिला मिठी मारली. जिंकल्यावर मला माणसं आवडतात.

पाळण्यात बाळ जागं होतं. भाऊ माझ्याजवळ आला, वाकला, आणि माझ्या कानात एक शब्द बोलला. मला वाटलं होतं, मी म्हणेन, एवढंच? किंवा म्हणेन, हे मीच सुचवणार होते. पण ते आमच्या आईला आवडलेलं नाव होतं. भाऊ जन्मला तेव्हा तिने ते बाजूला ठेवलं होतं, पुढच्यासाठी म्हणून, आणि पुढचं कोणी आलंच नाही. हे तिने एकदा मला सांगितलं होतं. त्यालाही सांगितलं होतं, हे मला माहीत नव्हतं.

मी वाकले. बायकांनी माझ्या पाठीवर धपाटे घालायला सुरुवात केली, त्यात चुलत बहिणीचा हात मला न बघता ओळखता आला. मी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. बाळाने मान वळवून माझ्याकडे बघितलं, साहेबांसारखं, चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता, आणि मग जांभई दिली. मंजूर झालं असं मी समजले.

नवरा आला तेव्हा पेढे वाटून झाले होते. घामाघूम, एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात अमेरिकन पासपोर्ट, झेंड्यासारखा उंच धरलेला.

"काय ठेवलं?" त्याने दारातूनच विचारलं.

मी त्याला जवळ बोलावलं. त्याने कान पुढे केला. मी त्याच्या कानात कुर्र केलं, आणि सगळ्या बायकांनी त्याच्या पाठीवर मनापासून धपाटे घातले. घुगऱ्या वाटून होईपर्यंत त्याला कोणी नाव सांगितलं नाही.

तुम्हालाही सांगायचा माझा विचार नाही. अगदीच राहवत नसेल तर शिकागोच्या साहेबांना विचारा, त्यांना स्पेलिंगसकट माहीत आहे.